गहाळ गुण

त्या पेपरातला तिसरा प्रश्न मला अजून पाठ आहे:
माती लाल का होते?
उत्तरही आहे. पाऊस बाकीचं सगळं धुऊन नेतो,
मागे राहतं ते लोखंड, आणि ते गंजतं.
दीड पान लिहिलं होतं, आकृतीसकट,
पट्टी नव्हती म्हणून ओळखपत्राच्या कडेने रेघा ओढून.

यादीत माझ्या नावापुढे सगळे विषय ओळीने बसलेत
आणि मृदाशास्त्राच्या चौकटीत आडवी रेघ.
नापास नाही. पास नाही.
बसलेच नव्हते, असंही नाही.
नुसती रेघ.

सेम्वांगासाहेब जाळीआडून सांगतात,
"गुण गहाळ आहेत. सोमवारी या."
साहेब जेवायला गेलेत, असं सांगावं
तितक्याच सहज.

सोमवार. मग दुसरा सोमवार.
बाहेर झाडावर मराबू करकोचे, टक्कल पडलेले,
खांद्यात मान घालून बसलेले,
पेन्शन अडकलेल्या म्हाताऱ्यांसारखे.
त्यांच्याखाली उभं राहायचं नसतं
हे कंपालात पहिल्याच आठवड्यात कळतं.
बाकीचं कळायला वर्षं जातात.

खोलीत आम्ही चौघी, कागदोपत्री दोघी.
नांतेझा पलंगाची मालकीण,
मी पलंगाखालच्या गादीची.
वॉर्डनची चप्पल वाजली की मी नि क्योमुगिशा
आत्ताच वही मागायला आल्यासारख्या बसतो,
रात्री साडेअकराला, केसांना रुमाल बांधून.

आई किटगुमहून कंडक्टरबरोबर
तिळाच्या ओडीचा डबा पाठवते.
फोनवर विचारते, झगा भाड्याने घेतलास का, पदवीचा?
बकरी ठरवून ठेवलीय तिने.
माझं नाव आबेर. आमच्या बोलीत, चांगली.
गुणाची पोर.
ते गेले कुठे, हे तिला कसं सांगू?
म्हणते, बघते आई, सध्या भाडं चढलंय.

मग काल रात्री वांदेगेयात
सेबुन्याने अंडं चपातीत गुंडाळलं
आणि चपाती कागदात.
शेवटच्या घासाला माझं लक्ष गेलं:
निळं अक्षर, डावीकडे कललेलं, माझं नव्हे.
प्रश्न दुसरा. समासात लाल पेनाने सतरा, वीसपैकी.
वर नोंदणी क्रमांक,
शेवटचे दोन आकडे तेलात विरघळलेले.

"रद्दी कुठून आणतोस?"
"टेकडीवरून," तो म्हणाला. "किलोने."
त्याच्या स्टुलाखाली अजून गठ्ठा होता.
मी सगळा उपसला. कोबी चिरायचं थांबवून
त्याने मोबाइलचा उजेड धरला.
पंचेचाळीस पानं.
माझं एकही नाही.

आज सोमवार नव्हता. तरी गेले.
जाळीच्या फटीतून तो कागद आत सरकवला.
सेम्वांगासाहेबांनी आधी वास घेतला,
मग चष्मा चढवला.
"हा तुझा नाही."
"माहीत आहे."
"मग?"
"कोणाचा तरी आहे. सतरा आहेत."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
कागद उजेडाशी धरला. तेलामुळे
मागची बाजू पुढे उतरली होती,
दोन्हीकडची उत्तरं एकमेकांत शिरलेली.
मग खण उघडला, वही काढली.
त्यांच्या पेनाला टोपण असतं आणि ते निघतं
हे मी तीन महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं.

"शेवटचे दोन आकडे?"
"सहा-एक असावेत," मी म्हटलं. "किंवा सहा-सात."

रांगेत मागून कोणीतरी विचारलं, अजून किती वेळ?
पिशवीत, ओडीच्या रिकाम्या डब्याशेजारी,
चव्वेचाळीस होते.
मी पुढचा काढला.